राहीबाईचा इंग्रजी अर्ज

“‘आय सॉ’ म्हणजे मी पाहिलं. ‘ही सॉ’ म्हणजे त्याने पाहिलं. गोष्ट तीच, पण सांगणारा बदलला की काय बदलतं?” गोरक्षनाथ मास्तरांनी आठवीच्या वर्गाला विचारलं. कुणी तोंड उघडायच्या आत दारात आप्पासाहेब उभे राहिले. शाळा त्यांच्या संस्थेची आणि तलावाच्या दुष्काळी कामावरचा मुकादम त्यांचा धाकटा भाऊ. मास्तर हातात खडू तसाच धरून बाहेर गेले.

“राहीबाई अर्ज लिवून घ्याया येनार हाय म्हनं. द्या की लिवून, गरीब बाई हाय,” आप्पासाहेब गोड आवाजात म्हणाले. “फकस्त तिनं बघितलं असं नगा लिवू. लोक म्हनत्यात, असं लिवा. तुमची नोकरी अजून कायम व्हायचीय न्हवं?”

दुपारच्या सुट्टीत राहीबाई आली. बहात्तर साली कर्जतकडच्या त्या माळावर दुसरं कामच नव्हतं. शंभरेक बाया तलावाच्या बांधासाठी मुरमाच्या खाणीत खोदत होत्या. आठ दिवसांपूर्वी तिथेच दरड कोसळून तिची जाऊ चांगुणा गेली होती. इंग्रजीतला अर्ज कलेक्टर स्वतः वाचतो, असा गावाचा ठाम समज, आणि इंग्रजी येणारा गावात एकटा मास्तर.

“लिवा मास्तर. दरडीला भेग पडल्याली म्या बघितली. मुकादमाला म्या सांगितलं. त्यो म्हनला, खांद, न्हाईतर खाडा मांडतो. आन आता दुसरी भेग पडलीया, हात जातुया आत. तिथलं काम थांबवा म्हनावं, बास.”

मास्तरांनी ‘आय सॉ’ लिहिलं आणि ते त्याकडे बघत बसले. डोळ्यांनी बघणारं माणूस आहे म्हटल्यावर साहेबाला चौकशीला यावंच लागेल. लोक म्हणतात म्हटलं की कागद बाजूला पडणार. एवढं त्यांना पुरतं कळत होतं. त्यांनी ते दोन शब्द खोडले आणि वर इंग्रजीत ‘लोक म्हणतात’ असं लिहिलं. स्वतःची लाज वाटली, पण हात काही थांबला नाही.

“वाचून दावा की.”

मास्तरांनी कागद समोर धरला आणि मराठीत, तिच्याच शब्दांत, सगळं म्हणून दाखवलं. म्या बघितली. म्या सांगितलं. आवाजही चांगला खणखणीत लागला.

“बरुबर म्या बोलले तसंच आलंय,” राहीबाई म्हणाली. तिने अंगठा उठवला, शाई केसांना पुसली आणि मास्तर नको नको म्हणत असताना त्यांच्या पायाला हात लावला.

“आता साहेब येईल. तवर खांदते,” म्हणत तिने टोपलं डोक्यावर घेतलं आणि ती खाणीत उतरणाऱ्या बायांच्या रांगेला जाऊन मिळाली.