डोळ्याखालचा डाग

“आणि चारुशीलाताई, तुमचा फोटो कोणता?” मेघानं विचारलं तेव्हा चारुशीला शेवटच्या खुर्चीवर बसून चहाचा रिकामा कागदी कप चुरगाळत होती.

धंतोलीतल्या एका हॉलमध्ये नागपुरातल्या फोटो काढणाऱ्या अकराजणी जमल्या होत्या. घरात मार खाणाऱ्या बायकांवर प्रदर्शन भरवायचं, प्रत्येकीनं एक फोटो द्यायचा, असं मेघाच्या पुढाकारानं ठरलं होतं. बाकीच्या कुणी वर्तमानपत्रात होत्या, कुणी मोठ्या लग्नांचे फोटो काढणाऱ्या, कुणी पुण्या-मुंबईत प्रदर्शनं केलेल्या. चारुशीलाचा हुडकेश्वरला एका गाळ्याचा स्टुडिओ होता. बावीस वर्षं पासपोर्टचे फोटो, बारसं, साक्षगंध.

“माह्याजवळ एक आहे,” ती म्हणाली. “पण त्या बाईले विचारावं लागंल.”

“विचाराच. परवानगीशिवाय आपण एकही लावणार नाही,” मेघा म्हणाली.

फोटो तीन वर्षांपूर्वीचा होता. एका रविवारी देवराव नावाचा माणूस बायको आणि दोन वर्षांच्या मुलीला घेऊन स्टुडिओत आला होता. बायकोच्या डाव्या डोळ्याखाली काळंनिळं झालं होतं. पावडर थापूनही ते दिसत होतं. “बाथरूममध्ये पडली,” देवराव म्हणाला होता. “तेवढं साफ करून देजा. भिंतीवर लावाचा हाये.” बायकोचं नाव प्रेमिला. तिनं चारुशीलाकडे पाहिलं होतं, जरा जास्त वेळ. चारुशीलानं डोळा कॅमेऱ्याला लावला आणि हनुवटी थोडी वर करायला सांगितली.

संध्याकाळी तिनं कॉम्प्युटरवर उजव्या गालाची कातडी डाव्या गालावर बसवली. पाच मिनिटांचं काम. इतकं बेमालूम झालं की शेजारच्या झेरॉक्सवाल्या बाईला बोलावून तिनं म्हटलं होतं, “डाग कुठं होता, सांग बरं.”

हे तिनं मेघाला सांगितलं नाही.

मूळ फोटो जुन्या हार्ड डिस्कवर सापडला. स्क्रीनवर मोठा करून पाहताना तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की फोटो चांगला आहे, प्रदर्शनात लोक याच्यापुढे थांबतील. असं मनात यावं याची तिला लाज वाटली, पण तिनं तो मोठ्या आकारात छापून घेतला.

बिलबुकातला नंबर प्रेमिलाचाच निघाला. ती आता रामटेकला आईकडे राहत होती, एका शाळेत खिचडी शिजवायची. चारुशीला पोचली तेव्हा मुलं जेवून गेली होती आणि प्रेमिला नळाखाली खिचडीचं मोठं गंज घासत होती.

“जय भीम, ताई. बसा,” ती म्हणाली. पदराला हात नीट कोरडे करून तिनं फोटो घेतला आणि बराच वेळ पाहिला.

“हा होता तुमच्याजवळ?”

“हो.”

“एवढे दिवस?”

“हो. आम्ही बायका मिळून प्रदर्शन भरवून राहिलो, प्रेमिला. लोकांनी हे पाह्यलं पाहिजे म्हणून...”

“तुमाले मालूम नाई का, त्या दुसऱ्या फोटोचं काय झालं?”

चारुशीलाला माहीत नव्हतं.

“मी केस टाकली होती. शुक्रवारी मारलं, असं लिवलं होतं कागदात. त्याच्या वकिलानं तुमचा फोटो पुढं केला. मांगं तुमचा शिक्का, रविवारची तारीख. जजसाहेबानं मले विचारलं, बाई, डाग कुठी हाये? म्या म्हटलं, फोटोवालीनं पुसला. वकील हासला. म्हणे, आण मंग तिले.” प्रेमिलाचा आवाज चढला नव्हता. “मी आली होती तुमच्या दुकानात.”

“कधी?”

“मागच्या लग्नसराईत. कोर्टाचं काम हाये, जुना फोटो पाह्यजे, म्हटलं. तुमी म्हटलं, आमी जुने फोटो ठेवत नाई.”

चारुशीलाला ते आठवलं. काउंटरपलीकडे कुणी बाई उभी होती. तिनं मान वर करून चेहरासुद्धा पाहिला नव्हता. दुकानात गर्दी होती हे खरं. पण कोर्ट हा शब्द कानावर पडला म्हणूनच ती तसं बोलली होती, हेही खरं.

“केस खोटी ठरली,” प्रेमिला म्हणाली. “पोरगी त्यानं ठेवून घेतली. खोटारड्या बाईजवळ पोरगी कशी द्याची, म्हणते.” तिनं फोटो उलटा करून चारुशीलाच्या हातात दिला. “हा लोकाईले नका दाखवू. मले पाहून ते काय करतीन? वरच्या कोर्टात अपील हाये. थितं येता का?”

“येईन,” चारुशीला म्हणाली. तिला आणखी काही म्हणायचं होतं, पण प्रेमिला पुन्हा गंजाकडे वळली होती.

प्रदर्शनात चारुशीलाचा फोटो लागला नाही. का नाही, हे मेघाला एकटीला गाठून सांगायचं तिनं ठरवलं होतं. पण पुढच्या बैठकीत ती उठून उभी राहिली आणि सगळ्यांसमोर सांगितलं, झेरॉक्सवाल्या बाईपर्यंत सगळं. लग्नाचे फोटो काढणारी एकजण खाली बघत कॅमेऱ्याचा पट्टा बोटाभोवती गुंडाळत राहिली.

चार महिन्यांनी कोर्टात तिची साक्ष झाली. हार्ड डिस्क तिनं आधीच जमा केली होती.

“म्हणजे तुम्ही खोटे फोटो बनवता?” देवरावच्या वकिलानं विचारलं.

“हो.”

“असे किती बनवले?”

“मोजले नाहीत.”

“मग आज खरं बोलताय, हे कशावरून मानायचं?”

“ही बाई माझ्या दुकानात फोटो मागायला आली होती,” चारुशीला म्हणाली. “फोटो होता. मी नाही म्हटलं. कोर्टाचं लचांड नको होतं मला. हेही लिहून घ्या.”

टाइप करणाऱ्या बाईचे हात क्षणभर थांबले, मग चालू झाले. मागच्या बाकावर देवराव मोबाइल चाळत होता.

निकाल पुढे दोन महिन्यांनी आला. केस नव्यानं चालवायची, आणि तोवर मुलगी शनिवार-रविवार आईकडे. पूर्ण जिंकणं नव्हतं ते. पण चारुशीलाच्या मनात राहिला तो साक्षीचाच दिवस.

त्या दिवशी दोघी कोर्टाच्या पायऱ्या उतरून खाली आल्या. आवारात कडुनिंबाखाली अर्ज लिहिणाऱ्यांची टेबलं होती. प्रेमिला आभार मानेल असं चारुशीलाला वाटलं नव्हतं. तिनं मानलेही नाहीत. माफी मागायचं चारुशीलानं सकाळपासून मनात घोळवलं होतं, पण ती मागितली तर प्रेमिलाला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि तेवढंही ओझं तिच्यावर टाकायचा आपल्याला हक्क नाही, असं तिला वाटलं.

“चारची बस हाये रामटेकची,” प्रेमिला म्हणाली. मग नळाकडे पाहून तिनं खांद्यावरची कापडी पिशवी काढली. तिच्यात केसचे सगळे कागद होते. “धरता का जरा? पाणी पिऊन येतो.”

चारुशीलानं दोन्ही हात पुढे केले. नळावर रांग होती. पिशवी जड होती, पण तिनं ती खांद्याला लावली नाही, खालीही ठेवली नाही. प्रेमिला परत येईपर्यंत ती तशीच उन्हात उभी राहिली.