भट्टी वाढवली

"ठवकरभाई, एक फोटो तो ले लो," बलविंदर म्हणाला.

शैलेंद्र ठवकरांनी हेल्मेटची जाळी खाली ओढली आणि नकारार्थी मान हलवली. फोटो काढायला हे काही कुणाचं लग्न नव्हतं.

हॅमिल्टनच्या त्या पोलाद कारखान्यातली जुनी भट्टी आज शेवटची रिकामी व्हायची होती. भट्टीच्या तळाशी भोक पाडलं की वितळलेलं लोखंड वाळूच्या पाटातून धावत खाली रुळांवर उभ्या असलेल्या वाघिणीत पडतं. मग ते भोक मातीने बुजवायचं, भट्टी पुन्हा भरू द्यायची, पुन्हा भोक पाडायचं. चोवीस वर्षं ठवकर हेच करत आले होते. इंडियन इंजिनियर म्हणजे कॉम्प्युटरपुढे बसणारा, असं धरून चालणाऱ्या मराठी मंडळात "मी लोखंड काढतो" म्हटलं की माणसं हसून विषय बदलत. बदलोत बापडी.

लोखंड आलं, आधी पिवळंधमक, मग लाल. मग नुसतीच मळी, लोखंडावरचा गाळ. मग पाट आटला. सवयीने ठवकरांचा हात माती भरायच्या यंत्राकडे गेला.

"रहने दो, भाईसाब. अब क्या बंद करना," बलविंदर म्हणाला.

आज भोक बुजवायचं नव्हतं.

चार वाजता लॉकर-रूमच्या बाकावर बसून त्यांनी फोन हातात घेतला. जाईला पाचच्या आत सांगायचं होतं. जाई त्यांची एकुलती एक लेक, सव्वीस वर्षांची. दोन वर्षांपूर्वी ठवकरांची बायको सुनंदा गेली, तेव्हापासून ही पोर बापाला एकटं टाकायचं नाही म्हणून रोज हॅमिल्टनहून नोकरीसाठी किचनरला गाडी हाकत होती, बर्फात, धुक्यात, विंटर टायर्सच्या भरवशावर. व्हँकुव्हरच्या कंपनीने तिला मागच्या वर्षी बोलावलं होतं, तेव्हा तिने नाही म्हटलं. यंदा त्यांनी पुन्हा विचारलं होतं आणि आज पाचपर्यंत उत्तर हवं होतं. तिची अट एकच होती. भट्टी चालू राहिली तर जाईन. बंद झाली तर नाही. "यू कान्ट सिट अलोन इन दॅट हाउस, बाबा," ती म्हणाली होती.

खोटं कशाला सांगा, भट्टी जाणार याचं दुःख करताना मनाच्या एका कोपऱ्यात ठवकरांना बरंही वाटत होतं. पोरगी राहणार होती. संध्याकाळी दिवा लावलेल्या घरात शिरायला मिळणार होतं. स्वतःची लाज वाटत होती, पण बरं वाटत होतं.

फोन पहिल्याच रिंगला उचलला गेला. "बाबा? टेल मी. काय डिसाइड केलं त्यांनी?"

विझली, असं काही त्यांच्या जिभेवर येईना. भंडाऱ्याला वडिलांचं पितळी भांड्यांचं दुकान होतं. शटर ओढताना "दुकान बंद केलं" असं कुणी म्हटलेलं वडिलांना खपत नसे. "वाढवलं म्हण. बंद काय?" आई फुटलेल्या बांगडीला वाढवली म्हणायची, देवापुढचा दिवासुद्धा वाढवायची. संपण्याचं नाव तोंडावाटे काढू नये, एवढंच त्या घरातलं शास्त्र. तेच ठवकरांच्या तोंडून बाहेर पडलं.

"भट्टी वाढवली गं आज."

जाई म्हणाली, "वाढवली? म्हणजे एक्सपान्शन?"

ठवकरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ओ बाबा," ती म्हणाली आणि रडायलाच लागली. "मला वाटलं ते क्लोज करणार. आय वॉज सो स्केअर्ड. मला खूप जायचं होतं रे. लास्ट इयरपण जायचं होतं. तुला कधी बोलले नाही, कारण तू राहा म्हणाला असतास, आणि मी राहिले असते."

तिच्या मराठीत वाढणं म्हणजे मोठं होणं, नाहीतर ताटात भात घालणं. तिसरा अर्थ तिला कुणी शिकवलाच नव्हता. ज्या पोरीच्या हातात बांगडी नाही, तिला तो शिकवणार तरी कधी? नुसतं एक वाक्य बोलायचं होतं: अगं वेडे, वाढवली म्हणजे बंद केली. वाक्य तयार होतं. लेकीने घरी राहावं म्हणून माणूस याहून मोठी वाक्यं बोलतो.

"हो," ठवकर म्हणाले. "वाढवली. त्यांना कळव तू, जाते म्हणून."

बाकावर शेजारी बसलेल्या बलविंदरला मराठी येत नव्हतं, पण ठवकरांच्या चेहऱ्यावरून तो काय ते समजला. "बता दो बच्ची को," तो म्हणाला.

"दो महीने में खुद पता चल जाएगा. तब तक वहाँ जड़ पकड़ लेगी," ठवकर म्हणाले.

पुढचे दहा दिवस ठवकर जाई उठायच्या आत दारातला पेपर उचलून गाडीत टाकत, कारण भट्टीची बातमी आज ना उद्या त्यात येणारच होती. फ्रिजवर त्यांच्याच अक्षरात वर्षाच्या शिफ्टा लिहिलेलं कॅलेंडर होतं. त्याबरहुकूम ते डबा घेऊन, लोखंडी टोकाचे बूट चढवून निघत आणि तळ्याकाठच्या पार्किंगमध्ये बारा-बारा तास गाडीत बसत. डबा मात्र न चुकता बाराला खात. माणसाला शिस्त हवी.

एक गोष्ट मात्र त्यांच्या ध्यानात आली नव्हती. जाईचं विमान मंगळवारी सकाळचं होतं. आदल्या रविवारी ती फ्रिजपुढे उभी राहून म्हणाली, "बाबा, ट्यूजडेला तुझी डे शिफ्ट आहे. इट्स ओके. ऑफिसमधला निमिष मला एअरपोर्टला ड्रॉप करेल."

"रजा घेतो ना," ठवकर घाईने म्हणाले.

"नको. नवीन एक्सपान्शन आहे, आत्ता सुट्टी मागू नकोस. प्रॉमिस कर."

त्यांनी प्रॉमिस केलं. स्वतःच्या हाताने बांधलेली गाठ, दातांनीही सुटेना.

मंगळवारी सकाळी सहाला जाई डोळे चोळत दारापर्यंत आली. पायात सुनंदाच्या जुन्या सपाता होत्या. तिने बापाला मिठी मारली, आणि ठवकरांनी ती जरा जास्तच वेळ धरून ठेवली, तशी तीच हसून म्हणाली, "जा ना, लेट होईल तुला." तिने त्यांना पाठीला हात लावून दाराबाहेर ढकललं. लेकीची पाठवणी करायची, तर लेकीनेच त्यांची केली.

तळ्याकाठी गाडी लावून ते बसून राहिले. रडायला मुभा होती, तेवढं रडून घेतलं. पावणेदहाला फोन वाजला.

"बाबा, बोर्डिंग सुरू होतंय. ब्रेकवर आहेस?"

"हो. ब्रेकच आहे. नीट जा. जेवत जा वेळेवर."

"हो रे." मग ती थांबली. "बाबा, तुझ्याकडे इतकं क्वाएट का आहे? प्लांटमधून बोलतोस तेव्हा मशीनच्या आवाजात मला कधी काही ऐकूच येत नाही."

काचेबाहेर पाणी होतं आणि एक बाई कुत्रा फिरवत होती. ठवकरांनी किल्ली अर्धी फिरवली आणि हीटरचा पंखा चारवर केला. पंख्याने घोंगावत गरम हवा त्यांच्या तोंडावर फेकली. त्यांनी फोन पंख्याच्या जाळीजवळ नेला आणि ओरडून म्हणाले, "बाहेर उभा होतो. आत आलो आता."

"हां, आता आला आवाज," जाईसुद्धा ओरडून म्हणाली. तिचं हसू ऐकू आलं. "जा, काम कर. लव्ह यू, बाबा."

फोन बंद झाला. गाडीत हळूहळू उकडायला लागलं, तरी बराच वेळ ठवकरांनी पंखा कमी केला नाही.