क्लचमधली तीन वजनं

खैरुद्दीन दाभोळचा. लाँचच्या इंजिनांवर हात बसलेला फिटर. सदुसष्ट साली तो दुबईत एका सर्व्हे कंपनीच्या वर्कशॉपमध्ये कामाला होता. वर्कशॉप मनखूलच्या बाजूला, आणि त्याच्यामागे सगळी वाळूच. धाकटी बहीण हमीदा हिचा नवरा अलीमियाँ त्याच कंपनीत ड्रायव्हर. त्याला खैरुद्दीननेच बोलावून घेतलं होतं. दोघं लहानपणापासूनचे दोस्त, एकाच खोलीत राहायचे, एकाच तव्यावरची भाकरी खायचे.

त्या थंडीत कंपनीने कॅनडाहून एक गाडी मागवली. बर्फावर चालणारी. पुढे दोन घसरपट्ट्या, मागे रुंद रबरी पट्टा. जी गाडी भुसभुशीत बर्फावर चालते ती भुसभुशीत वाळूवरही चालेल, असं कुणा साहेबाच्या डोक्यात आलं होतं. सपाटीवर ती चाललीही. पण वाळूच्या टेकडीवर चढताना अर्ध्यात दम सोडायची. इंजिन कण्हायचं, क्लचच्या बेल्टचा जळका वास यायचा आणि अलीमियाँ संध्याकाळी वैतागून परत यायचा.

फोरमनची ऑर्डर होती की बनवणाऱ्या कंपनीचं पत्र येईपर्यंत गाडीला कुणी हात लावायचा नाही. लाँचवरच्या फिटरने तर नाहीच नाही, असंही तो सगळ्यांसमोर म्हणाला होता. ते खैरुद्दीनला लागलं.

एका शुक्रवारी, वर्कशॉप बंद असताना, त्याने क्लच उघडला. आत तीन छोटी वजनं होती. इंजिन जोरात फिरलं की ती बाहेर फेकली जायची आणि पुलीला दाबायची. मग बेल्ट वर सरकायचा आणि गाडी वेग घ्यायची. खैरुद्दीन बराच वेळ नुसता बघत बसला आणि मग त्याच्या लक्षात आलं. ही वजनं बर्फाच्या हिशोबाची. वाळू जड, चढावर इंजिनात जोर येण्याआधीच वजनं बेल्टला वर ढकलत होती. वजनं हलकी केली की इंजिन मोकळं फिरणार, जोर धरणार.

गाडीच्या पेटीत वजनांचा एक जादा संच होता. त्याच्यावर त्याने काम केलं. तिन्हींना भोकं पाडली, कडा कानस मारून साफ केल्या. तिन्ही अगदी सारखी हवीत म्हणून खाडी ओलांडून देऱ्याला गेला आणि ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर ती तोलून आणली. दुपारी ती क्लचमध्ये बसवून त्याने गाडी स्वतःच मागच्या टेकडीवर घातली. एका दमात वर. खैरुद्दीन वर उभा राहून एकटाच हसला.

एक गोष्ट मात्र त्याच्या ध्यानात आली. आता गाडी जागची लवकर हलत नव्हती. थ्रॉटल थोडा दिला तर काहीच नाही, आणखी दिला की एकदम उडी. अलीमियाँला हे सांगायला हवं होतं. पण त्या दिवशी आणि रात्रीही तो वाळवंटातल्या सर्व्हे कॅम्पवर होता. शनिवारी सकाळी गाडी न्यायला आला तेव्हा फोरमन शेजारीच उभा होता. खैरुद्दीन एवढंच म्हणाला, "क्लच साफ केलाय. बघ आता कशी चढते."

अलीमियाँ गेला.

दुपारी बातमी आली. तो टेकडीच्या माथ्यावर, अगदी कडेला थांबला होता. निघताना नेहमीसारखा हळू थ्रॉटल दिला, गाडी हलली नाही. आणखी दिला. गाडीने उडी घेतली ती सरळ पलीकडच्या उतारावरून खाली. कोलांट्या खाऊन ती त्याच्या अंगावर पडली. डाव्या मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं.

ट्रकवर घालून गाडी वर्कशॉपला आणली. मॅनेजर सोमवारी तपासणीला येणार होता. फोरमन फोनवर असताना खैरुद्दीनने भोकं पाडलेली वजनं काढली आणि जुनी बसवली. हॉस्पिटलला जाताना अब्रातून, म्हणजे खाडी ओलांडायच्या होडीतून, त्याने ती भोकांची तिन्ही वजनं पाण्यात सोडली. काम चोख झालं होतं.

तपासणीत गाडीत दोष निघाला नाही. ड्रायव्हरचा निष्काळजीपणा, असा रिपोर्ट झाला. गाडीने आपणहून उडी मारली, असं अलीमियाँ एकदाच म्हणाला. कुणी मानलं नाही. कामावरून काढून त्याला बोटीचं तिकीट दिलं.

खैरुद्दीनला रात्रंदिवस एकच गोष्ट खात होती. फोरमन शेजारी होता म्हणून तो गप्प बसला होता. पण फोरमनला मराठी कुठे येत होती?

जेट्टीवर त्याने कुबड्यांवरच्या अलीमियाँला बोटीपर्यंत आधार दिला. सांगावं म्हणून तोंड उघडलं, पण निघालं ते वेगळंच. "पोचलास की पत्र पाठव," तो म्हणाला. अलीमियाँने त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि मान हलवली.

तीन आठवड्यांनी कॅनडाहून पत्र आलं. जड जमिनीसाठी वजनं हलकी करावीत, असं त्यात होतं. गाडी मग उशिरा आणि झटक्याने सुटते, ड्रायव्हरला तशी कल्पना द्यावी, असंही होतं. फोरमनने ते काम खैरुद्दीनलाच दिलं. त्याने पुन्हा वजनं घासली, नव्या ड्रायव्हरला शेजारी बसवून सगळं समजावलं. फोरमनने पाठ थोपटली आणि वर्षभरात त्याला हेड फिटर केलं.

एकोणसत्तर साली तो सुट्टीवर दाभोळला आला. अलीमियाँ जेट्टीवर बर्फाच्या पेट्यांची देखरेख करायचा. पाय आखूड झाला होता. तिसऱ्या दिवशी, अंगणात दोघंच असताना, खैरुद्दीनने सगळं सांगून टाकलं.

अलीमियाँने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मला ठाऊक होतं. क्लचचं झाकण फुटलं होतं. मी खाली अडकलेलो, वजनं डोळ्यांसमोर. भोकांच्या कडा कशा गुळगुळीत. एवढी सफाई दुसऱ्या कुणाची?"

"मग बोलला का नाहीस?"

"दोघंही परत आलो असतो तर घरात काय शिजलं असतं?" तो म्हणाला. "आणि कंपनीला सांग, असं माझं म्हणणंच नव्हतं. मला सांगशील असं वाटलं होतं. हॉस्पिटलात. मग जेट्टीवर. मग पत्रात. दोन वर्षं तुझं प्रत्येक पत्र मी शेवटपर्यंत वाचलं."

एवढ्यात हमीदाने जेवायला हाक मारली. दोघं पानावर बसले. तिने सुरमईची तुकडी आधी नवऱ्याच्या पानात घातली, तशी अलीमियाँने ती उचलून खैरुद्दीनच्या पानात ठेवली.

"तुम्ही घ्या, भाई," तो म्हणाला.

हमीदाने चमकून दोघांकडे पाहिलं. लहानपणापासून त्यांच्यात 'तू'शिवाय दुसरा शब्द नव्हता. सुट्टीचे उरलेले सगळे दिवस अलीमियाँ त्याच्याशी तसाच बोलला. नीट, मायेने, पाहुण्याशी बोलावं तसा. निघायच्या दिवशी लंगडत बंदरापर्यंत आला, त्याची ट्रंक बोटीत चढवायला हात लावला, आणि "सांभाळून जा तुम्ही," असं म्हणून बोट सुटायच्या आधीच घराकडे वळला.