डाव्या बाजूची चीर

वहिनींनी सुईत रेशीम ओवलं, शेवटाला गाठ मारली आणि झगा पुतळ्यावरून उतरवून मांडीवर घेतला, तेव्हा त्यांच्या दिराला वाटलं, चला, देव पावला एकदाचा. आठवडाभर दुकानात हो-नाहीचा नुसता घोळ चालला होता.

"वहिनी, उपकार झाले तुमचे."

"कशाचे उपकार? अजून एक टाका पडला नाही."

"पडेल ना. तुम्ही सुई हातात घेतलीत, तिथंच मी जिंकलो."

वहिनी चष्मा नाकावर सरकवून कामाला लागल्या.

जुने पोशाख, जुनं भरतकाम घ्यायचं, नीट करायचं आणि जाणत्या माणसाला विकायचं, हा त्यांचा पिढीजात धंदा. पण असा झगा दुकानात क्वचित येतो. गळ्यापासून कमरेपर्यंत रेशमी वेली, पानांआड पक्षी आणि प्रत्येक पक्ष्याच्या डोळ्याला एकच काळा टाका. तेवढ्यानं पक्षी जिवंत. कुणा नवरीसाठी कुणीतरी डोळ्यांत तेल घालून केलेलं काम. आणि त्याच कामावर, छातीच्या दोन्ही बाजूंना, उभ्या चिरा. वेल मधोमध कापलेली, एका पक्ष्याची मान तुटलेली, कडा जाड सुती दोऱ्यानं दुमडून शिवलेल्या.

दुकानाची सासऱ्यांपासूनची एक रीत होती. मालात खोट असली की त्याच्या बाहीला काळा दोरा बांधायचा, गिऱ्हाइकानं विचारायच्या आधी. झगा आला त्याच दिवशी दिरानं दोरा बांधला होता.

त्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे भिंगवाले. हा माणूस गळ्यात भिंग अडकवून जन्माला आला असावा, असं सासूबाई म्हणत. मागच्या खेपेला त्यांनी झगा इंच न् इंच पाहिला होता आणि चिरांपाशी येऊन कपाळाला हात लावला होता.

"कुण्या गाढवानं केलं हे?"

"गाढवानं नाही, आईनं," वहिनी म्हणाल्या होत्या. "लेकराला पाजायला चिरा ठेवल्यात."

"लग्नाच्या झग्याला?"

"दुसरा नसेल तिच्याकडे."

भिंगवाले हसले होते. "बाई, गोष्ट छान रचता तुम्ही. पण चिरा बुजवा. तुमच्या हातचा जोड कुणाला ओळखू येत नाही. हा मी नेतोच, शिवाय नव्या दालनासाठी तुमचं मागचं कपाटही अख्खं नेतो."

मागचं कपाट! थोरला भाऊ गेल्यापासून त्यातली घडी हललेली नव्हती. दिराच्या तोंडाला पाणी सुटलं नसतं तरच नवल. तेव्हापासून त्यानं वहिनींच्या मागे भुणभुण लावली होती. विनवून झालं, रुसून झालं, शेवटी धमकीही देऊन झाली.

"तुम्ही नाही, तर दुसरं कुणी बुजवेल."

"बुजवू दे. माझ्या सुईनं नाही."

"हट्ट आहे हा, वहिनी!"

"असेल. मेलेल्या बाईचं तोंड शिवायला देवानं मला हात दिले नाहीत, भाऊजी."

आणि आज त्याच वहिनी मान मोडून शिवत बसलेल्या. कोपऱ्यात सासूबाई खुर्चीत बसून गुंतलेले दोरे सोडवत होत्या. डोळे कधीच गेले होते, पण बोटांनी डोळ्यांचं काम आपल्या अंगावर घेतलं होतं.

ऊन कलताना भिंगवाले आले. दिरानं खुर्ची पुसली, दिवा जवळ ओढला. वहिनींनी झगा टेबलावर पसरला.

भिंग खाली गेलं आणि तिथंच थांबलं.

चिरा उघड्याच होत्या. सुती दोरा जिथं जिथं सुटायला आला होता, तिथं त्याच्यावरून रेशमाचे दाट काजाचे टाके पडले होते. जुना दोरा आत तसाच होता. कड अशी पक्की झाली होती की आता कुणी ती उसवायला गेलं, तर आधी कापड फाटलं असतं.

"हे काय केलंत?"

"मजबूत केलं. उसवायला आलं होतं."

"मी बुजवायला सांगितलं होतं."

"ऐकलं होतं मी."

"वहिनी!" दिराचा आवाज फाटला.

"काय झालं रे? आण इकडे," सासूबाई म्हणाल्या. कुणी हललं नाही, तसं त्यांनी स्वतःच हात लांब केला. वहिनींनी झगा त्यांच्या मांडीवर ठेवला.

म्हातारीची बोटं वेलीवरून चालत गेली. एका चिरेवरून दुसरीवर आली, पुन्हा पहिलीवर गेली. मग दोन बोटांनी ती चीर अलगद फाकवली, जशी रोजचीच सवय असावी.

"डावीच जास्त झिजलीय," त्या म्हणाल्या. "झिजणारच. लेकरू डाव्या हातावर, उजवा कामाला मोकळा." मग मुलाचा आवाज आला होता त्या दिशेला त्यांनी तोंड वळवलं. "तू तसाच वाढलास, मेल्या. मी काजं करायची आणि तू लुचत असायचास. एकदा तुझा कानच शिवला असता कापडाला, थोडक्यात वाचलास."

भिंगवाल्यांनी भिंग खिशात टाकलं.

"फाटका माल माझ्या दालनात चालत नाही. बुजवणार असाल तर निरोप द्या."

"निरोप येणार नाही," वहिनी म्हणाल्या. "वाट बघू नका."

दाराची घंटा वाजली आणि दार मिटलं. दीर कपाटाला पाठ टेकून उभा राहिला.

"आता हे सगळं कोण नेणार, वहिनी?"

"नाही नेलं कुणी तर राहील इथंच. आपण कुठं चाललोय?"

तो बराच वेळ आईच्या मांडीकडे बघत होता. तिची बोटं अजून त्या चिरेतच होती.

"कात्री द्या," तो म्हणाला.

वहिनींनी दिली नाही. त्यानं टेबलावरून आपणच उचलली, तशा त्या उठून मध्ये आल्या आणि त्यांनी दोन्ही हात पक्ष्यांवर पसरले.

"हात तोडलात तरी—"

"सरका हो वहिनी."

तो बाजूनं गुडघ्यावर बसला. लोंबणारी बाही त्यानं हातात घेतली आणि काळा दोरा कापला. दोरा जमिनीवर पडला.

"पुतळा खिडकीत आणतो," खाली बघतच तो म्हणाला. "डावी बाजू रस्त्याकडे करू ना?"