चुना कालवायच्या दोन बादल्या

"काका, तुम्हाला म्हणे लेखक व्हायचं होतं. मग या मुतारी झालेल्या भिंतीवर काय लिहायलात?"

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून दहावीतल्या पंचशीलानं हे विचारलं. बाकीच्या पोरी नाकाला रुमाल लावून कोपऱ्यावर फिदीफिदी हसत होत्या.

लिंबाजी पेंटर वळले. "कागदावरची माझी नाटकं कुणी वाचली न्हाईत, पोरी. हे तर मुतायला आलेला माणूसबी वाचतो!"

मित्रांनो, मी त्यांच्या हातातला एक जुना ब्रश आहे. खारीच्या केसांचा, नाजूक! आणि लिहायचं काय, तर 'येथे लघवी करू नये'. शी! तो वास, त्या पानाच्या पिचकाऱ्या, भिंतीवरून ओघळणारं ते... जाऊ द्या.

बहात्तरच्या दुष्काळात लिंबाजी खडी फोडायला गेले. मुकादमाला त्यांचं अक्षर आवडलं. त्यानं कामाची पाटी लिहून घेतली आणि नाटककाराचा पेंटर झाला. मी तेव्हाच त्यांच्याकडं आलो. पुढं लातूर जिल्हा झाला. पाटीपाटीवरचं 'उस्मानाबाद' खरवडलं, तिथं मी 'लातूर' लिहिलं. काय रुबाब होता माझा! लोक थांबून बघायचे.

त्याच वर्षी पावसानं दगा दिला. मोठे साहेब येणार म्हणून शाळेच्या भिंतीवर लिहायचं ठरलं, 'पाणी जपून वापरा'. आधी भिंत पांढरी करायची. चुना कालवायला टँकरच्या चांगल्या पाण्याच्या दोन बादल्या आल्या. समोर बाया रिकाम्या घागरी घेऊन उभ्या! मित्रांनो, मला मुतारीपाशीसुद्धा इतकी किळस आली नव्हती.

"कालव की चुना! बघत काय राहिलास?" ठेकेदार वीरभद्र ओरडला.

लिंबाजींनी दोन्ही बादल्या उचलल्या आणि बायांच्या घागरींत ओतल्या.

"लिंबाजी," त्यांतली सरजाबाई म्हणाली, "तुज्या अक्षरापरीस हे बेस केलंस बग."

गावातल्या सगळ्या भिंती वीरभद्रच्या ताब्यात. त्यानं लिंबाजींचं काम तोडलं. शेवटी पत्र्यांच्या फटींत डांबर भरायचं काम मिळालं, आणि हाताशी मीच उरलो होतो. डांबर! काळं, चिकट, जळक्या वासाचं. त्यात बुडालेला ब्रश पुन्हा अक्षर काढत नाही. लिंबाजींनी मला डब्यावर धरलं.

"काका, थांबा!" पंचशीला धावत आली. शाळेच्या भिंतीपाशी काय झालं, ते तिनं खिडकीतून पाहिलं होतं. "डांबराला काथ्या घ्या. हा ब्रश मला द्या. मला अक्षर शिकवा."

"तुला तर मास्तरीण व्हायचं हाय ना?"

"तुमी तरी कुठं ठरवून पेंटर झालात?"

लिंबाजी हसले. मी तिच्या हातात गेलो.

मित्रांनो, काम झालं की आम्हाला घासलेटात धुऊन ठेवत जा. तुम्ही म्हणाल ते आम्ही लिहू, पण वाळून मरणं आमच्या वाट्याला देऊ नका.

घरी पंचशीलानं मला हातातच धरलेलं, दप्तरसुद्धा खाली ठेवलं नाही. "आई, बाबा, मी लिंबाजीकाकांकडं पाट्या लिहायला शिकणार. पुढं मास्तरीण झाले तर झाले, न्हाई तर न्हाई."

"पोरीच्या जातीनं शिडीवर चढायचं?" आई ओरडली.

"उद्या सकाळीच चढणार हाय, आई. बाबा, शिडी तुमी धरा."