वीरभद्रप्पांचा शिक्का

एप्रिलमधल्या विधी प्रवेश परीक्षेत मी एकशेवीसपैकी एकतीस प्रश्न कोरे सोडले. मला चौऱ्याहत्तर गुण पडले. सोलापुरातल्या ज्या कॉलेजात मला जायचं होतं, तिथला आदल्या वर्षीचा शेवटचा प्रवेश ऐंशी गुणांवर झाला होता.

"वजा गुण न्हाईत, ठाऊक हाय ना तुला?" धाकटी बहीण प्रियंका म्हणाली. आम्ही दोघी सोलापुरात एका खोलीत राहतो. ती नर्सिंगला आहे, मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत केमिस्ट.

"ठाऊक आहे."

"मग कोरं का सोडलंस?"

"उत्तर येत नव्हतं."

"अगं, डोळं मिटून ठोकायचं की! मेंढरूबी कुंपणाला चार ठिकाणी डोकं लावून बघतंय. तू यमेस्सी हायस."

जे मोजलं नाही ते लिहायचं नाही, असं मला शिकवलं होतं, आणि सहा वर्षं मी तसंच काम केलं होतं. मग कागद घेऊन हिशोब केला. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय, म्हणून एकतीस भागिले चार म्हणजे पावणेआठ. नुसता अंदाज मारला असता तरी माझे गुण ब्याऐंशीच्या आसपास गेले असते. माझ्या प्रामाणिकपणाने मला कॉलेजबाहेर ठेवलं होतं. असं दुसऱ्यांदा झालं होतं.

पहिल्या वेळी ते कोर्टात झालं.

आमचे वडील सिद्धाप्पा, म्हणजे अण्णा, सांगोल्याकडचे. उन्हाळ्यात चारा संपला की मेंढरं घेऊन सोलापूरच्या बाजूला येतात. तीन वर्षांपूर्वी एका रंगकारखान्यामागच्या नाल्यावर मेंढरं पाणी प्यायली, आणि अर्ध्या तासात बेचाळीस मेंढरं आडवी झाली. मी पोचले तेव्हा जनावरांचे डॉक्टर तीन मेंढरांचं रक्त काढत होते. रक्त चॉकलेटी पडलं होतं. ते नायट्राइटमुळे होतं. रंग पक्का करायला ते वापरतात. मी नाल्याचं पाणी तीनदा तपासलं आणि तिन्ही वेळा आकडा सारखाच आला. कारखानदारावर खटला उभा राहिला. साक्षीदार म्हणून मला बोलावलं.

कारखानदाराचे वकील होते वीरभद्रप्पा. पांढऱ्या मिशा, हळू आवाज.

"बेचाळीसच्या बेचाळीस मेंढरं याच पाण्यानं मेली? हो की नाही, एवढंच सांगा."

"रक्त तीनच मेंढरांचं तपासलं होतं. बाकीच्यांबाबत शक्यता फार जास्त आहे, पण…"

"म्हणजे माहीत नाही."

"तसं नाही. शक्यता…"

"शक्यता, शक्यता! बाई, ही प्रयोगशाळा हाय का ज्योतिषाचं दुकान?"

कोर्ट हसलं. कारकून हसला, पोलीस हसला. मागच्या बाकावर माझे वडीलही हसले. त्यांना वाक्य कळलं नव्हतं. सगळी मोठी माणसं हसतायत म्हटल्यावर आपणही हसावं, एवढंच त्यांना कळलं. टोपी हातात धरून ते हसत होते.

कारखानदार सुटला. वडिलांनी कोर्टाच्या पायरीवर टोपी घातली आणि मला म्हणाले, "जाऊ दे, मायाक्का. देवाघरचं हुतं, देवाघरी गेलं." मेंढरांचं मलाही सोडता आलं असतं. ते हसणं मला सोडता येईना. वीरभद्रप्पांच्या समोरच्या बाजूला काळा कोट घालून उभं राहायचं, हे मी त्याच पायरीवर ठरवलं.

तेव्हापासून रजेच्या दिवशी मी त्यांच्या उलटतपासण्या ऐकायला जात होते. वहीत टिपणं ठेवली होती. ते चष्मा काढतात तेव्हा पुढच्या प्रश्नाचं उत्तर त्यांना ठाऊक नसतं. सत्तावीस वेळा पाहिलं, त्यातल्या तेवीस वेळा हे खरं निघालं.

यंदा परीक्षेला पुन्हा बसायची मुभा होती, पण दुसरी परीक्षा जुलैत. निकाल मंगळवारी लागणार आणि प्रवेश अर्जाची मुदत त्याच आठवड्यात गुरुवारी पाच वाजता संपणार. एक दिवस इकडेतिकडे झाला तर वर्ष गेलं. आणि वीरभद्रप्पा एकसष्ट वर्षांचे होते. माझ्याकडे वाया घालवायला वर्षं नव्हती.

जुलैच्या परीक्षेत शेवटची सहा मिनिटं उरली तेव्हा तेवीस प्रश्न राहिले होते. घटनेतली कलमं, कुठल्या तरी निवाड्याचं साल. खरंच येत नव्हतं. माऊसवरचा हात थांबला. अंगात भिनलेलं इतक्या सहज जात नाही. रिकाम्या परीक्षानळीचा आकडा लिहून टाकावा तसं वाटत होतं. मग मला वडिलांची टोपी आठवली, आणि मी पहिल्या प्रश्नाला तिसरा पर्याय दाबला. दुसऱ्यालाही तिसराच. प्रत्येक टिचकीला मनात म्हणत होते, वीरभद्रप्पा. तेवीस वेळा म्हटलं. पडदा बंद झाला तेव्हा मला बरं वाटत होतं. इतकं बरं वाटायला नको होतं.

निकाल लागला. सत्त्याऐंशी.

बुधवारी रात्रपाळीहून आलेल्या प्रियंकाला शेजारी बसवून मी अर्ज भरला. सगळे कागद चढले, एक सोडून. एम.एस्सी. आणि आता यांच्यात सहा वर्षांचा खंड होता. त्याचं प्रतिज्ञापत्र हवं होतं, नोटरीच्या शिक्क्यासह.

गुरुवारी प्रयोगशाळेतून सुटायला अडीच वाजले. कोर्टाच्या आवारात टाइप करून घेईपर्यंत सव्वातीन. लिंबाखाली तीन नोटरी टेबलं टाकून बसले होते. दोघं मोकळे होते. तिसरे वीरभद्रप्पा होते, त्यांच्यासमोर चार माणसं उभी होती. मी त्या रांगेत उभी राहिले.

"येडी हायस का?" प्रियंका कानाशी कुजबुजली. "ते दोघं माश्या मारत्यात."

"शिक्का यांचाच हवाय."

"आन् न्हाई म्हणाले मग?"

मी घड्याळ पाहिलं आणि रांगेतच थांबले.

माझी पाळी आली तेव्हा पावणेचार झाले होते. शेजारचे दोघं टेबलं आवरून निघून गेले होते. वीरभद्रप्पांनी मान वर केली नाही. त्यांचा कारकून रावजी शिक्क्याची गादी उघडून बसला होता.

"सहा वर्षांचा खंड. कारण? लग्न, आजारपण?" वीरभद्रप्पांनी विचारलं.

"नोकरी. पाण्याच्या प्रयोगशाळेत."

"मग आता वकिलीचं काय खूळ, बाई?"

शिक्का पडल्यावर सांगता आलं असतं. रात्री तसंच ठरवलं होतं. पण मग ते कशावर शिक्का मारतायत हे त्यांना कळलं नसतं.

"बेचाळीस मेंढरांचा खटला तुम्ही जिंकलात," मी म्हणाले. "ज्योतिषाचं दुकान म्हणालात ती मी. माझे वडील मागे बसले होते. तेही हसले."

त्यांनी चष्मा काढला. माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले. त्यांना मी आठवत नव्हते. दोन वर्षं मी रोज त्यांच्याशी मनात भांडत होते, आणि त्यांच्या डोक्यात मला जागाच नव्हती. हा घाव कोर्टातल्यापेक्षा खोल गेला.

"ते माझं काम होतं," ते शेवटी म्हणाले.

"म्हणूनच शिकायचंय. तुमच्यासमोर."

"आणि मी शिक्का नाही मारला तर?"

प्रियंकाने माझा दंड धरला. रावजी हातातली गादी तशीच धरून बसला. मागे उभे असलेले दोन पक्षकार पुढे सरकले.

"पाचला मुदत संपते. वर्ष जाईल. पुढच्या वर्षी येईन, तेव्हाही तुमच्याच रांगेत."

त्यांनी भोवती बघितलं. सगळे त्यांच्याकडे बघत होते. पोरीला घाबरून वीरभद्रप्पांनी कागद परत केला, ही गोष्ट चहाच्या टपरीवर सहा वाजेपर्यंत पोचली असती.

"रावजी, गादी आण इकडं."

शिक्का इतक्या जोरात पडला की टेबल हललं. त्यांनी सही केली, रजिस्टरवर माझी सही घेतली, आणि मला अपेक्षित नव्हतं ते केलं. "हिला गेटजवळच्या स्कॅनरवाल्याकडं ने," ते रावजीला म्हणाले. "गर्दी असंल तर माझं नाव सांग. पाचच्या आत गेला पाहिजे हिचा अर्ज."

त्यांचं हे मला अजिबात आवडलं नाही. पण वेळ नव्हता, म्हणून मी गेले. चार वाजून बावीस मिनिटांनी अर्ज दाखल झाला. प्रियंका हसतही होती आणि रडतही. "अण्णांना फोन लाव," ती म्हणाली. मी लावला नाही. मी लिंबाखाली परत गेले.

वीरभद्रप्पा एकटेच बसले होते.

"गेला?"

"गेला."

"तीन वर्षं लागतील तुला. तोवर मी चौसष्टचा होईन." त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "दमलेल्या म्हाताऱ्याला हरवून काय मिळणार?"

"दमू नका," मी म्हणाले. "साखर, रक्तदाब, सगळं तपासून घेत जा. वेळेवर जेवा."

ते हसायला लागले. त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. मी अगदी मनापासून सांगत होते.