ओसरीतलं टेबल

माझी बायको गजराबाई आजारी असतानाच तिने आमच्या सुनेचं, रुचिकाचं नाव बालवाडी शिक्षिका होण्याच्या ऑनलाइन वर्गात घालायला लावलं होतं. गजराबाई गेली. तेरा दिवस झाल्यावर मुलगा योगेंद्र सुरतेला नोकरीवर परत निघाला. जाताना म्हणाला, "नाना, तिनी बसानी सोय करी द्या."

मी मन लावून केली. इंटरनेटचा डबा ओसरीत, आतल्या खोलीत रेंज नाही, म्हणून टेबल ओसरीतच खिडकीशी लावलं. शहाद्याहून कॉम्प्युटर आणला. खुर्ची बुटकी पडत होती, तिच्या पायांखाली लाकडी ठोकळे दिले. मागच्या भिंतीला चुना मारला, कॅमेऱ्यात घर बरं दिसावं म्हणून. वर्ग चालू असताना मी समोर खाटेवर बसून राहायचो. भाजीवाला ओरडला, कुत्रं आलं, तर हाकलायला.

आमच्यात सून सासऱ्यासमोर बोलत नाही. रुचिकाला या घरात सहा वर्षं झाली. तिला मला काही सांगायचं असलं तर ती गजराबाईला सांगायची आणि गजराबाई मला. सासूशी बोलायची तेही माझी चाहूल लागली की थांबायची. आता चहा खाटेशी येतो, बांगड्या वाजतात, मी कप उचलतो.

वर्गातल्या बाई रोज म्हणायच्या, "रुचिका, तुझा आवाज येत नाही." ती उत्तर टाइप करून पाठवायची. मला वाटलं, माइक खराब. नवा आणला. तरी तेच. दुरुस्तीवाला येऊन "हॅलो, हॅलो" म्हणाला, आवाज स्वच्छ गेला. तरी मी तिसऱ्या माइकसाठी दुकानात फोन लावला.

कारण त्याच दिवशी बाई म्हणाल्या होत्या, "शुक्रवारी प्रत्येकीने दहा मिनिटं धडा घेऊन दाखवायचा. बोलली नाहीस तर मी तुला पास करू शकणार नाही." रुचिका पदर पुढे ओढून आत गेली होती.

गजराबाईची मैत्रीण कौसाबाई ताक घेऊन आली होती. दारातूनच म्हणाली, "नाना, कितला माइक बदलशात?"

"वाजतच नही, तर काय करू?"

"तुम्ही उठा ना आठून. मंग वाजी. पोर सासरासमोर गाणं म्हणी का? गजराबाई ऱ्हाती तर तुमले पहिलाच दिन उठाडती."

हे रुचिकाला आत ऐकू गेलं असणार. माझे कान तापले. फोनमध्ये दुकानदार हॅलो, हॅलो करत होता.

शुक्रवारी वर्गाआधीच मी उठून बाहेर पडलो. गोठ्यापाशी चारा टाकत होतो तोच घरातून आवाज आला, "चला, सगळ्यांनी हात वर करा. आपला हत्ती किती मोठा?" मोकळा, भरलेला आवाज. मला वाटलं, कोणी पाहुणी आली. मग कळलं. मला खोकला येत होता. तो दाबून मी पार शेताच्या बांधापर्यंत चालत गेलो.

दुपारी परतलो. चहा ठेवून ती आत वळली. कसं झालं ते विचारायला मधे कोणी नव्हतं. मीच विचारायला हवं होतं. तोंड उघडलं आणि चहा प्यायलो.

संध्याकाळी सुरतेहून योगेंद्रचा फोन आला. "नाना, रुचिका पास झायी."

"माले माहीत शे," मी म्हणालो.

माहीत नव्हतं.